योग्य ती कार्यवाही

६ एप्रिल, सोमवार
शेवटी ऑफिसने माझी किंमत ओळखली. आमची अंधेरीची कंपनी हाउसिंग सोसायट्यांसाठी एआय एजंट बनवते. रहिवाशाने तक्रार टाइप केली की एजंट स्वतःच काम उरकतो. त्याच्या हाताशी नऊ टूल्स: टँकर मागवणं, पाणी बंद करणं, नोटीस, शोकसंदेश वगैरे. कुठलं कधी वापरायचं हे त्याला फक्त त्या टूलचं वर्णन वाचून कळतं. वर्णनं मी लिहायची. मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. ड्राफ्टिंगमध्ये देवदत्तचा हात कोण धरणार?
कॉन्ट्रॅक्ट तीस तारखेला संपतं. हे जमलं तर पर्मनंट. जमलंच म्हणा. बायकोला, सुगंधाला, सांगून टाकलं की झालो पर्मनंट. तिने लगेच भावाला कळवलं.

८ एप्रिल
नऊ वर्णनं, दीड तासात. टँकरचं: 'पाण्यासंबंधी परिस्थिती पाहून योग्य ती कार्यवाही करावी.' पाणी बंद करण्याचंही तेच. चांगलं वाक्य दोनदा वापरण्यात कमीपणा कसला? शोकसंदेशाचं सर्वांत झकास: 'सभासदांच्या भावना लक्षात घेऊन उचित प्रसंगी पाठवावा.' वाचून मलाच भरून आलं.

९ एप्रिल
टीम लीड श्वेता, वय अठ्ठावीस. मला काका म्हणते. म्हणाली, 'योग्य' म्हणजे काय ते एजंटला कसं कळणार? टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही, एवढं सरळ लिहा ना. मी सांगितलं, अकरा वर्षं वॉर्ड ऑफिसला 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं लिहीत आलो, कुणी अर्थ विचारला नाही. तिने विचारलं, मग कार्यवाही झाली का? प्रश्न विषयाला सोडून होता.

१३ एप्रिल, सकाळी ७.१०
संकल्प: सगळी वर्णनं आज सोपी करायची.

संध्याकाळी ६
सगळ्यांत 'कृपया' घातलं. बराच फरक पडला.

१७ एप्रिल, शुक्रवार
टेस्ट. 'टाकी गळतेय' टाइप केलं, एजंटने दोन टँकर मागवले. पाणी जातंय म्हणून भरलं. डोकं आहे पोराला. श्वेता म्हणाली, सोमवारी डेमो आहे, त्याआधी बदला. शनिवार-रविवारी बदलतोच.

१९ एप्रिल, रविवार
मेहुण्याने पर्मनंट झाल्याबद्दल जेवायला बोलावलं. नाही कसं म्हणणार? कोंबडी-वडे. झोप लागली.

२० एप्रिल, दुपारी ३.४०
डेमो झाला. घाटकोपरच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर राणे समोर बसलेले. सभासदांचे खरे नंबर आधीच जोडलेले. राण्यांनी स्वतः टाइप केलं: तिसऱ्या मजल्यावर पाणी कमी येतं, लोक वैतागलेत. एजंटने परिस्थिती पाहिली. टँकर मागवला. मग पाणी बंद केलं. मग सभासदांच्या भावना लक्षात घेतल्या. शोकसंदेशात नावाच्या जागी तक्रार करणाऱ्याचं नाव भरलं. शहाऐंशी फोनवर 'श्यामसुंदर राणे यांना भावपूर्ण श्रद्धांजली'.
कुणा सभासदाकडून कळून राण्यांची वहिनी गोवंडीहून रिक्षात बसलीसुद्धा होती. तिला स्वतः राण्यांनीच फोन करून समजावलं, तरी ती आवाजावर विश्वास ठेवेना. मग राण्यांनी विचारलं, ही वाक्यं लिहिली कोणी? सगळे माझ्याकडे बघायला लागले.
वाट लागली.

२१ एप्रिल
शांतपणे विचार केला. एजंटचं मराठी कच्चं आहे.

२४ एप्रिल
श्वेताने नऊही वर्णनं स्वतः लिहिली. 'टँकर मागवतो. टाकीत पाणी नसेल तरच वापरावं. गळती असेल तर वापरू नये.' असली तीन-तीन ओळींची. साहित्यमूल्य शून्य. एजंटने दिवसभरात एकही चूक केली नाही. योगायोग.

२८ एप्रिल
सुगंधाने विचारलं, पर्मनंटचं पत्र घरी कधी आणणार? म्हटलं, योग्य वेळी. खरं सांगायला हवं होतं. उद्या सांगेन.

३० एप्रिल
पर्मनंट नाही. पण काढलंही नाही, तीन महिने वाढवून दिले. काही तक्रारी एजंट आता माणसाकडे पाठवणार. तो माणूस मी. म्हणजे शेवटी मशीनलाही अनुभवाची गरज पडलीच. त्यासाठी श्वेताने दहावं टूल जोडलंय. उत्सुकतेने वर्णन उघडलं.
'तक्रार देवदत्त काकांकडे पाठवतो. रहिवाशाला फक्त ऐकून घेणारं कुणी हवं असेल तेव्हाच वापरावं. काम व्हायला हवं असेल तर वापरू नये.'
दोनदा वाचलं. बदलायला एक शब्द सापडला नाही.