धारगळचा पाट

बाबा,

काल नागपंचमी झाली आणि गणपतीचे पाट आले. यंदा चौदाच. तुमच्या वेळी या दिवशी पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. आता मी मधोमध खुर्ची टाकून बसते तरी जागा उरते. खुर्ची लागतेच, कारण कंबर धरते, आणि माती मळून द्यायला माणूस मिळत नाही. शाळेतून वेळेआधीच निवृत्त झाले तेव्हा सगळी म्हणाली, सुटलीस बाई. कसली सुटते! जन्मभर डिचोलीच्या पोरांना तांब्या-पेला काढायला शिकवला, आणि आता घरी तुमची गणपती घडवायची चित्रशाळा. समोरासमोर मी तुम्हाला 'तू'च म्हणायचे, आपल्या घरात बापाला 'तुम्ही' कोण म्हणतं? पण कागद पुढे घेतला की मराठी येते आणि तिच्याबरोबर 'तुम्ही' येतं. चालवून घ्या.

गोवा घटक राज्य झालं त्याच्या पुढच्याच वर्षी मी पणजीला चित्रकलेच्या पदवीला गेले, आठवतं ना? प्रवेशाच्या फॉर्मवर मातृभाषेचा रकाना होता. कोकणी की मराठी यावरून तेव्हा गावागावांत माणसं एकमेकांच्या दारात जायची बंद झाली होती, आणि तुम्ही हातात पेन धरून खिडकीपाशी उभे. आरती एका भाषेत, भांडण दुसरीत, आता यात काय लिहू, असं तुम्ही कारकुनाला अगदी मनापासून विचारलंत. तो हसला नाही. शेवटी पेन माझ्या हातात देऊन तुम्ही बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलात. मी काय लिहिलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि खरं सांगायचं तर आता मलाही आठवत नाही.

पाच वर्षं मी पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी अशा बसा बदलत गेले. वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं. मला निम्मं कळायचं, उरलेलं मी दुसऱ्यांच्या कागदावर बघून समजून घ्यायचे. समोर जिवंत माणूस बसवून काढायचा तास असायचा. एकदा सर माझ्या मागे येऊन थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझी माणसं गणपतीसारखी बसतात. उठव त्यांना." वर्ग खो खो हसला. घरी येऊन मी तुमच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. तुम्हाला वाटलं, बसच्या दगदगीनं पोर चिडचिडी झालीय, आणि तुम्ही आईला सांगून पेज ठेवायला लावलीत. तेव्हापासून मी माझी माणसं उठवायच्या मागे लागले. दंड बारीक केले, पोटं आत घेतली, मांड्या सोडवल्या. चार वर्षं त्यात गेली, आणि मग शेवटच्या वर्षी त्याच सरांनी फर्मान काढलं की प्रत्येकानं आपापल्या घरची, आपल्या मातीतली वस्तू आणायची आणि परीक्षेचं चित्र तिच्यावर करायचं. वा रे वा! कोणी सूप आणलं, कोणी जुनी वल्ही, एकीनं तर आजीच्या खोलीचं दारच उचलून आणलं. मी माळ्यावर चढले.

माळ्यावर तो पाट होता. आपल्याकडे गणपती विकत घ्यायला कोणी येत नाही, जो तो आपापला पाट घेऊन येतो. नागपंचमीला पाट येतो, चतुर्थीला त्याच पाटावर मूर्ती बसून घरी जाते. घर बदलेल, छप्पर बदलेल, पाट बदलत नाही. हा धारगळ गावच्या एका घरचा. एका वर्षी पाट आला आणि चतुर्थीआधीच त्या घरचा कर्ता गेला. सुतक लागलं, मूर्ती झाली नाही, पाट आपल्याकडेच राहिला. मुलगा मुळगावच्या बाजूला खाणीच्या ट्रकवर लागला, आईला घेऊन तिकडेच राहायला गेला, आणि त्यांचा गणपती तिच्या दिराच्या घरी जाऊ लागला. चार वर्षं तो पाट तुम्ही दर आषाढात खाली काढून पुसायचात आणि पुन्हा वर ठेवायचात. जुना फणस, मधासारखा रंग. हात फिरवला की सोडवत नसे. मी तो तुम्हाला न विचारता गोणपाटात गुंडाळून बसमध्ये घातला.

चित्र चांगलं झालं, बाबा. माझ्या हातून तसं पुन्हा कधी झालं नाही. त्यावर तुम्ही होतात, मांडी घालून, मूर्तीच्या सोंडेवरून ओलं बोट फिरवताना. बसलेलेच काढले मी तुम्हाला, आणि या वेळी सर काही बोलले नाहीत. परीक्षक पुन्हा पुन्हा त्याच्यापाशी येऊन थांबत होते.

त्या वर्षी निकाल लांबला, आणि निकाल लागेपर्यंत कामं कॉलेजात कुलपात. मधेच नागपंचमी आली. सकाळीच धारगळची विधवा नारळ आणि विडा घेऊन पडवीत उभी. मुलानं गावात परत घर उभारलं होतं, यंदा गणपती आपल्या घरी आणायचा होता. तिला बसवून तुम्ही माळ्यावर गेलात, रिकाम्या हातानं उतरलात आणि मागच्या दारी मला गाठलंत.

"बाय, धारगळचो पाट खंय गेलो?"

मी नेला, म्हटलं. त्याच्यावर चित्र काढलंय, आता परत आणला तर माझं वर्ष जाईल.  तुम्ही विचारलंत, पाटाखाली नाव नव्हतं? प्रत्येक पाटाखाली तुम्ही तेलरंगानं घराचं नाव घालायचात, ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, नव्हतं, पुसून गेलेलं.

"तुका खबर नासली, बाय," तुम्ही म्हणालात. मला ठाऊक नव्हतं, एवढंच धरून चाललात. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात, त्या हाताला शेडूची माती होती.

मग पडवीत जाऊन तुम्ही तिला सांगितलंत की पाटाला वाळवी लागली, चूक माझी. मी दाराआडून ऐकत होते. तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं, मान वर होईना. तिच्या सासऱ्यांनी परसातला फणस पाडून तो पाट केला होता, हे ती दोनदा म्हणाली, रागानं नाही. तुम्ही उठलात आणि आपल्या घरचा पाट, पणजोबांच्या वेळचा, तिच्यापुढे ठेवलात. आई आतून नको नको म्हणत होती. आपला गणपती त्या वर्षी सुताराकडच्या कोऱ्या फळीवर बसला. पुढच्या नागपंचमीला बऱ्याच घरांचे पाट आलेच नाहीत. ज्या चित्रशाळेत वाळवी लागते तिथे देवाचं आसन कोण ठेवणार? तुम्ही कोणाला अवाक्षर बोलला नाहीत. मी पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा देवळात नारळ ठेवून आलात. चित्रात काय आहे, विचारलंत. मी म्हटलं, असाच एक माणूस. घरी आणलं तेव्हा कापडात बांधलेलं होतं, तुम्ही सोड म्हणाला नाहीत, मीही सोडलं नाही. तुम्ही गेलात तरी ते बांधलेलंच होतं.

काल धारगळहून तिचा नातू आपल्या पणजोबांच्या वेळचा तो पाट घेऊन आला, तुम्ही तिला दिलेला. आजी अंथरुणावर आहे, पण तिचा निरोप होता की पाट नीट धरून ने, चित्रशाळेतल्या बाबांनी स्वतःच्या घरचा काढून दिलेला आहे, असा माणूस पुन्हा होणे नाही. मी मान डोलावली. तो गेल्यावर मला रडू आलं, आणि त्या रडण्याचीच मग लाज वाटली. म्हणून हे लिहीत बसले. सून विचारेल तर पाटांची यादी करतेय म्हणेन, आणि कागद चुलीत घालेन.

बाबा, नाव होतं. कर्त्याचं नाव, खाली धारगळ, तुमच्या अक्षरात, जसंच्या तसं. परीक्षकांनी पाट उलटून बघितला तर विचारतील, म्हणून मी पॉलिश पेपर घेऊन घासायला बसले. तेलरंग फणसात पार मुरलेला होता, दोन दिवस लागले.