धूळ निघाली तर

प्रिय आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

दुर्बिणीच्या छायाचित्रात मला सापडलेला तांबडा ठिपका म्हणजे विश्वाच्या बालपणीची, फार दूरची दीर्घिका असावी. पण जवळची, धुळीने झाकलेली दीर्घिकाही तशीच तांबडी दिसते. माझ्या गाईड मॅडम म्हणतात, "आधी तूच तुझा शोध खोटा पाडून दाखव." म्हणून रोज स्वतःच्याच लेकराविरुद्ध पुरावे शोधते आहे. सोमवारी ठिपक्याच्या प्रकाशाच्या तपासणीचा निकाल कळेल. माझं इथलं पुढचं काम त्यावरच ठरणार.

बाबांनी म्हणे गल्लीभर सांगितलंय. त्यांना आवर गं!

मी धूळ पुसायला टाळाटाळ केली की तू म्हणायचीस, "हीच धूळ एक दिवस तुला नडेल."

आई, तेवढे शब्द मागे घे ना.

तुझी काळजीत पडलेली,
धाकटी