कॅमेऱ्यातलं नाव

आडगाव नाका, नाशिक
गुरुवार

ती. स्व. लंकावन्सं यांना मोहिनीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? खरं काय ते लिहा. मागच्या वेळी तुम्ही 'बरा आहे' म्हणून कळवलंत, आणि येवल्याहून परत आल्यावर अमितनं सांगितलं की आत्याबाई जिना बसून उतरतात. मी पाठवलेलं तेल चोळता की नुसतं खिडकीत उभं करून ठेवलंय? शेजारच्यांचा माग अजून पहाटेपासून सुरू होतो का? आमच्याकडे सगळे ठीक आहेत. (सगळे म्हणजे मी. सवय जात नाही.)

हे फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाही, आणि आजचं माझं म्हणणं तिसऱ्या वाक्यात आटोपणारं नाही. पत्राला मधेच तोडता येत नाही, फार तर चष्मा काढून ठेवता येतो. तो ठेवू नका.

तर, कॅमेरा बदलावा की नाही, हे मला महिनाभर ठरवता येत नाहीये. लेन्स तीच राहणार, फक्त मागची बॉडी नवी घ्यायची. (कॅमेऱ्याच्या धडाला दुकानात बॉडी म्हणतात. संतोषभाऊ, म्हणजे मेनरोडचा दुकानदार, पहिल्याच दिवशी मला समजावत होता, "ताई, काळजी करू नका, जुनी बॉडी आम्हीच घेऊन जातो." मला बसायला स्टूल मागावं लागलं.) अमित पुण्याहून रोज नवनवीन कॅमेऱ्यांची माहिती पाठवतो. मी ती वाचते आणि रोज नवीन मत करते. सकाळी वाटतं घ्यावा, दुपारी वाटतं कशाला. चार वेळा मेनरोडला जाऊन आले. चौथ्या वेळी संतोषभाऊनं न विचारताच चहा सांगितला. तो मला गिऱ्हाईक समजायचं सोडून पाहुणी समजायला लागलाय, म्हणजे प्रकरण किती लांबलं ते बघा.

कॅमेरा ह्यांचा, ते तुम्हाला माहीत आहेच. ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर घेतलेला. दर रविवारी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचं, ह्यांनी डोळा लावून बसायचं आणि मी डबा घेऊन मागे. मी सोबत पुस्तक न्यायचे तर पान उलटल्याचा आवाज होतो म्हणून हे डोळे वटारायचे. हे गेल्यावर वर्षभर कॅमेरा कपाटात होता. मग बुरशी लागेल म्हणून एक दिवस पुसायला काढला, आणि त्याच्याबरोबर त्याचं माहितीपुस्तक निघालं. तीनशे बावीस पानं, सगळी इंग्रजी. मी सातवी शिकलेली, पण कागदावर अक्षर दिसलं की मला राहवत नाही. शब्दकोश शेजारी ठेवून रोज दीड पान असं आठ महिन्यांत वाचून काढलं. (आता संतोषभाऊ एखाद्या बटणाला अडला की मला फोन करतो. तो हे कबूल करणार नाही.) मग म्हटलं, एवढं वाचलंय तर एकदा दाबूनही बघावं. तेव्हापासून रविवारी मीच जाते. डबा एकाचाच.

कॅमेरा आता थकलाय, हे मात्र खरं. मुठीचं रबर सुटलंय, ते मी सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवलंय. एक बटण आत गेलंय, ते केसाच्या पिनेनं उचकटावं लागतं. आणि आवाज! 'खटाक' असा की तुमच्या शेजारचा माग बरा. त्यामुळे पहिल्या फोटोत पक्षी येतो आणि दुसऱ्यात त्याची शेपटी. पक्ष्यांच्या पाठमोऱ्या फोटोंचा एवढा मोठा संग्रह जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नसेल. नवा कॅमेरा आवाजच करत नाही, आणि पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो. दुकानात मी तो संतोषभाऊकडे धरला, तर त्याला सोडून कॅमेऱ्यानं मागच्या कॅलेंडरवरच्या पोपटाचा डोळा धरला. पण फोटो निघाला की नाही, ते कळतच नाही. मी नुसती बघतेय असं समजून दुकानातल्या पंख्याचे चाळीस फोटो काढले.

(दूध बघून आले. तुम्हाला वाटेल तसं उतू गेलं नाही.)

आता मुख्य गोष्ट. इथल्या एका छायाचित्र मंडळाची स्पर्धा होती, तिला मी एक फोटो पाठवला. चमचा पक्षी, पाण्यात चोच घालून उभा. त्यांच्या चिटणिसांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "गोरक्ष कोठुळे आहेत का?" म्हणाले. तीन वर्षांत त्या नावानं कुणाचा फोन आला नव्हता. मी म्हटलं, नाहीत. "कधी भेटतील?" मी म्हटलं, काम सांगा. तर म्हणाले, तुमच्या फोटोला दुसरा नंबर आलाय, पण अर्जावर नाव मोहिनी कोठुळे आणि फोटोच्या आत नाव गोरक्ष कोठुळे. नियम सातवा, फोटो स्वतःचा असावा. मी म्हटलं, ते माझे मिस्टर. "मग त्यांनी काढलाय असं सांगा ना बाई, त्यात लाजायचं काय? रविवारी बक्षीस घ्यायला त्यांनाच पाठवा." मी म्हटलं, ते गेले. "कुठे?" मग मला नीट सांगावं लागलं. तर ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "पण ताई, फोटो तर या फेब्रुवारीतला आहे."

झालं असं होतं की कॅमेऱ्यात मालकाचं नाव भरायची सोय असते. एकदा भरलं की प्रत्येक फोटोच्या पोटात ते आपोआप जातं, वरून दिसत नाही. ह्यांनी ते पहिल्याच दिवशी भरून ठेवलेलं. पान दोनशे चौदा. मी ते पान वाचलं होतं, पण आपल्या कॅमेऱ्यात ते आधीच भरलेलं असेल असं डोक्यातच आलं नाही. म्हणजे सव्वा वर्ष फोटो मी काढतेय आणि नाव ह्यांचं लागतंय. (संसारात दुसरं काय होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका.) चिटणीस भला माणूस. कॅमेरा घेऊन या, दाखवा, म्हणाले, आणि बक्षीस मला दिलं. प्रमाणपत्र आधीच ह्यांच्या नावानं छापलं होतं, बदलून देतो म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या. जाताना सांगितलं, "ते नाव तेवढं पुसून तुमचं घाला. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं काम मी बारा दिवस करतेय. चार वेळा बटण दाबलं की कॅमेरा विचारतो, नाव पुसायचं? हो किंवा नाही. मी रोज 'नाही' दाबून उठते. एकदा बोट 'हो'कडे सरकलं तर मी घाबरून बॅटरीच काढून टाकली. तुम्हाला आठवतं का, लग्न होऊन मी तुमच्या दारात आले तेव्हा तुम्ही दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या होतात? नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणून. मी पाठ केलेला उखाणा घामाबरोबर वाहून गेला आणि मी नुसतं 'गोरक्ष' म्हणाले, बाजारात कुणाला हाक मारावी तसं. सगळा मांडव हसला. त्यानंतर चौतीस वर्षं 'अहो'वर भागलं. ज्या नावाला मी तोंडानं कधी हात लावला नाही, ते बोटानं पुसू?

म्हणून अधिकच वाटलं, नवी बॉडी घ्यावी, म्हणजे पुसायला नको. पण जुनी बदल्यात दिली तर संतोषभाऊ आधी तिच्यातलं सगळं पुसणार. "अगदी कारखान्यातून आल्यासारखी कोरी करतो, ताई." मी म्हटलं, भाऊ, आमचं माणूस एकतीस वर्षं रोज कारखान्यातूनच यायचं, आणि कोरं कधीच आलं नाही. हाताला ग्रीस असायचंच.

बरं, नवी घेऊन जुनी घरात ठेवावी, तर माझा हात जुनीकडेच जाणार. आणि तिच्यात आता थोडंच उरलंय. कॅमेऱ्याचा आतला पडदा, म्हणजे शटर, दीड लाख वेळा उघडतो, मग कधीही दगा देतो. संतोषभाऊनं तपासून सांगितलं, एक लाख सेहेचाळीस हजार झाले. हे कळल्यापासून माझं बोट उठत नाही. मागच्या रविवारी रोहित पक्ष्यांचा अख्खा थवा माझ्यासमोर उतरला, गुलाबी, पाण्यात पडछाया, आणि मी कॅमेरा मांडीवर घेऊन नुसती बसले. शेजारचा एक गृहस्थ ओरडला, "अहो बाई, दाबा की!" दाबलं नाही. फोटो काढायला म्हणून मी जाते आणि न काढताच अस्वस्थ होऊन येते, याला काय म्हणावं?

तेव्हा पुष्कळ विचार करून असं ठरवलं आहे की नवा कॅमेरा घ्यायचा नाही. आहे तो चांगला आहे. या वयात नवे चोचले कशाला? तुम्हालाही हेच पटेल. अमितला मी तसं कळवते आहे.

गुडघ्याला जपा. जिना दिवसातून एकदाच.

तुमची
मोहिनी

ता. क. वरचं वाचून झालं असेल तर ऐका. नवा कॅमेरा मंगळवारीच घेतला. खोकं ओट्यावर आहे आणि हे पत्र त्यालाच टेकवून लिहिते आहे. त्यानं सुरू होताच वेळ विचारली. मी दहा मिनिटं पुढची भरली, ह्यांच्या कारखान्याच्या बसच्या हिशोबानं घरातली सगळी घड्याळं आहेत तशी. मग मालकाचं पूर्ण नाव विचारलं. रेशनकार्डावर आहे तसं भरलं, मोहिनी गोरक्ष कोठुळे. मधे हे आलेच. चिटणिसांना आता जे विचारायचं ते विचारू देत.

ता. क. दुसरा. जुना कॅमेरा रविवारी अमितबरोबर तुमच्याकडे येतो आहे, छोट्या लेन्ससकट, पोळ्यांच्या डब्यात टॉवेलमध्ये गुंडाळून. माझ्याकडे राहिला तर मी त्याला कपाटात जपून ठेवीन आणि रोज उघडून बघीन. तुमच्याकडे तो कामाला लागेल. बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करा. शेजारच्या मागाचे काढा, त्या आवाजात ह्याचा खटाक कुणाला ऐकूही येणार नाही. चार हजार आहेत, वाटेल तसे उडवा, नाव आपोआप लागेल. तुम्ही त्यांची थोरली बहीण, त्यांच्या नावानं ओरडायची सवय तुम्हाला आहेच. पिन डब्यातच ठेवली आहे.

फक्त एक करा. अमितला दारात अडवू नका. नाव आतच आहे.