रुपचंदच्या पँटीचा दुसरा पाय

फेब्रुवारी १९७२ मध्ये अमळनेर स्टेशनवर एक लोखंडी पेटी आली. आत लोकरी फौजी पँट एक, बनियन दोन, दाढीचं सामान, विठोबाची तसबीर. हमाली एक रुपया, टांगा दीड रुपया. सोबत माझा एकुलता मुलगा रुपचंद लढाईत बेपत्ता असल्याचा कागद. पुढचं सगळं या पेटीपासून निघतं, म्हणून आधी हे लिहिलं.

मी, ताईबाई भ्र. कै. जीवराम शिंपी, वय ६३, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, रा. अमळनेर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. डोळ्यांना कमी दिसतं, डोकं शाबूत आहे. कोणाचं दडपण नाही.

१. राहतं दोन खोल्यांचं घर माझी सून सुनंदाबाई, हल्ली मुक्काम नरडाणा, हिला द्यावं. तिचं दुसरं लग्न मीच लावून दिलं. एवढीशी पोर वाट बघायला बसवून ठेवणं देवाला आवडलं नसतं. तेव्हा दीर झुलालभाऊ भर अंगणात म्हणाले, “वयनी, तुना पोऱ्या जित्ता शे ना? मंग वहू दुसराले कशी दिनी?”

२. शिवणयंत्र झुलालभाऊंना. ते बोलणं मी विसरले नाही. पण यांच्या, म्हणजे रुपचंदच्या वडिलांच्या, आजारपणात उशाशी तेच बसले होते. यंत्राला तेल घालत जावं, स्वतःच्या मिशांना घालतात त्यातलंच थोडं.

३. पोस्टातली शिल्लक विठ्ठल मंदिरात कार्तिकातल्या दिव्यांसाठी. माझ्या तेराव्याला गोडाची पंगत नको. पिठलं-भाकरी करावी. ज्यांना यायचं ते येतीलच.

४. ती पँट.

हे इंग्रजांच्या वेळच्या मोठ्या लढाईत पलटणीचे शिंपी होते. रुपचंद शेवटच्या सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या पँटीच्या खालच्या कडेला मशीनची टीप पाहून यांनी ती उसवलीच. म्हणाले, आमच्या वेळी फौजी पँटीला अशी टीप चालत नसे. लोकरी कापड जाड, दोनदा दुमडलं तर वळ उठतो. म्हणून एकदाच आत वळवायचं, कच्ची कड दोऱ्यानं वेढायची, मग हातानं तिरपे टाके, प्रत्येक टाक्यात वरच्या कापडाचा एकच धागा. बाहेरून काही दिसता कामा नये. पुढून बोटभर आखूड, मागून लांब, आणि टाचेला आतून पट्टी, बुटानं कापड झिजू नये म्हणून. सुनंदा शेजारी बसून शिकत होती. “साहेब इचारी ते सांगजो,” हे रुपचंदला म्हणाले, “बाप मोठी लढाईना टेलर शे.”

एक पाय झाला. दुसऱ्याला पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घातले तोच टांगा दारात आला. “आबा, तो पुढली सुट्टीले,” म्हणत त्यानं पँट पेटीत कोंबली.

पेटी परत आली तेव्हा तो पाय तसाच होता. दुमडीत कुठलीशी तांबूस माती. यांनी सुई काढली, सुनंदा दोरा ओवायला बसली. मी पँट ओढून घेतली. म्हटलं, “त्याला येऊ द्या. उभं करून माप घ्या.” तो पाय अर्धा ठेवूनच हे गेले. झुलालभाऊ दर पितृपक्षात सांगत, “वयनी, पोऱ्याना घास काढ आते.” मी काढला नाही.

यंदा दिवाळीत पँट उन्हाला घातली, कडुलिंबाचा पाला बदलला. घडी करताना तो कच्चा दोरा आपोआप तुटला. कड माझ्या मांडीवर उलगडली आणि माती लुगड्यात सांडली. ती मी गोळा करून पुडीत बांधली.

रुपचंद आता येणार नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहिते.

तो पाय पुरा करून पँट माझ्या सरणावर, माझ्या उजव्या हाताशी ठेवावी. पुडीही. आणि माझ्याबरोबर त्याचाही घास काढावा. झुलालभाऊंनीच काढावा.

वरील मजकूर मी वाचून, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवून, त्यांच्यासमोर सही केली.

सही: ताईबाई जीवराम शिंपी
साक्षीदार: १. पुना तोताराम चौधरी, शेजारी २. यशोदाबाई अभिमन सोनार, शेजारीण
अमळनेर, ता. १८ नोव्हेंबर १९९१

सुनंदा, ही नक्कल तुला टपालानं पाठवते. यांचा टाका आता तुझ्याच हातात उरला आहे. माझ्या मागे नको, माझ्यासमोर शिव. माप नाही, पण जुन्या घडीची खूण कापडावर आहे. तेवढी शेवटची गाठ मला मारू दे. कधी येतेस ते उलट टपाली कळव.