ट्रकची पडवी

प्रिय सरकार,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा दुखत होता तेवढाच दुखतो, घर जागच्या जागी आहे, आणि तुझ्या कुंड्यांपैकी दोनच गेल्या, त्याही मी जास्त पाणी घातल्यामुळे. रोज संध्याकाळी फोनवर बोलतो आणि वर हा माणूस पत्र कशाला लिहितो, असं तुझ्या मनात येईलच. पण फोनवर तू एकटी कधी सापडतेस का? मी जरा तोंड उघडावं तर नात फोन हिसकावून मला तिची बाहुली दाखवते, मागून जावई हात हलवतात, आणि लेक स्वयंपाकघरातून ओरडून माझ्या औषधांची चौकशी करते. सगळं गोड आहे, तक्रार नाही. पण चारचौघांत बायकोशी काय बोलणार? पत्र मात्र तू दार लोटून, चष्मा पुसून, एकटीच वाचशील.

तर बातमी अशी की पडवी झाली.

आपल्या ट्रकच्या पाठीवर वेल्डरने खोली बसवून दिली, त्याचा फोटो मी पाठवला होता. पलंग, शेगडी, दोन खिडक्या, वर पाण्याची टाकी. तू 'छान आहे' म्हणालीस. तुझं 'छान आहे' मी चांगलं ओळखतो. तुला न विचारता मी ते जांभळे पडदे आणले होते, तेव्हाही ते छानच होते. मग मला आठवलं. मी नोकरीत होतो तेव्हा वर्तमानपत्रात असल्याच एका ट्रकचं चित्र आलं होतं आणि तू ते कितीतरी वेळ बघत बसली होतीस. तुम्ही निवृत्त झालात की आपण असं हिंडू, म्हणालीस. पण तुझी एक अट होती. बंद खोलीत बसायला आपलं घर काय वाईट आहे, मला बाहेर बसायला सावली हवी. खोली झाली आणि सावलीचा पत्ता नाही, म्हणून तुझं ते कोरडं 'छान आहे'. म्हटलं, सरकारची अट पुरी केल्याशिवाय आता सुटका नाही.

कामाला लागलो तो मोठ्या तोऱ्यात. ताडपत्री म्हणजे आपलाच प्रांत. सगळी हयात ट्रकवर गेली, ताडपत्री बांधण्यात माझा हात धरणारा आमच्या गाड्यांत कुणी नव्हता. एक जुनी, पण धड ताडपत्री माळ्यावर होती. ती काढली, एक कड खोलीच्या छपराला पट्टी ठोकून बसवली, आणि मग हात आपोआप चालू लागले. मोकळे दोन्ही कोपरे खाली खेचले, दोऱ्या आवळल्या, अशा गाठी मारल्या की वाऱ्याची काय बिशाद. घाम पुसत मागे सरलो आणि माझंच मला कौतुक वाटलं. तेवढ्यात वेल्डर आला. त्याने शांतपणे एक फेरी मारली, ताडपत्रीवर थाप मारून बघितली आणि विचारलं, काका, आत माल काय भरलाय?

खरंच सांगतो, तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इतकी वर्षं माल झाकला, त्यामुळे हातांना तेवढंच ठाऊक. खाली माणसं बसायची आहेत, त्यांना हवा लागते, डोकं असतं, पाय असतात, हे त्या हातांना कुणी सांगितलेलंच नाही. त्या पडवीत शिरायचं तर रांगत शिरावं लागलं असतं. वेल्डर हसून हसून खाली बसला. मीही हसलो. पण तू असतीस तर हा विषय तुला महिनाभर पुरला असता, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तू तो तिखटमीठ लावून सांगितला असतास. संध्याकाळी फोनवर तुला सांगणार होतो, पण त्या दिवशी नातीला ताप होता, म्हणून राहिलं.

मग ताडपत्री ठेवली बाजूला आणि जाड कापड आणलं, मातकट रंगाचं. मळखाऊ. रंग बघून नाक मुरडू नकोस. शिवायला तुझं मशीन काढलं. हो, काढलं. हात लावाल तर खबरदार, असं तू जाताना बजावून गेली होतीस, हे मी विसरलेलो नाही. सुया मोडल्या, किती ते विचारू नकोस. दोरा असा काही गुंतला की शेवटी मशीन उचलून शेजारच्या शिंपीणबाईंकडे नेलं. त्यांनी माझी शिवण उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, भाऊ, तुम्ही गाडीच चालवा. कडा त्यांनी दुमडून दिल्या, कड्या मी ठोकल्या. मशीन आता तेल घालून, झाकून, जागेवर ठेवलं आहे. शिंपीणबाईंनीही विचारलं, वहिनी कधी येणार? येतील की, म्हटलं. कोपऱ्यावरचा दुकानदारही आधी विचारायचा. आता विचारत नाही. बाळंतपणापुरती, फार तर सहा महिने, म्हणून तू गेलीस. ते बाळ आता धावतं, भांडतं, आणि 'ए आजोबा' म्हणून मला दटावतं. ते दटावणं मला आवडतं, पण त्या आवाजाच्या मागे तू काय म्हणतेस ते ऐकू येत नाही.

पुढच्या खांबांपाशी काम अडलं. ट्रकची बाजू उंच आणि पुढची उतरती हवी, म्हणजे पाणी वाहून जातं, हे वेल्डरने समजावलं. पण उतरती किती? तुझं डोकं लागता कामा नये. आणि तेव्हा कळलं की इतक्या वर्षांच्या संसारात तुझी उंची किती हे मला ठाऊकच नाही. माझ्या खांद्याशी येतेस एवढं माहीत, पण खांद्यावरून खांब कापता येत नाही. लेकीला विचारावं तर ती म्हणणार, बाबांचं काहीतरी बिघडलंय, आणि थेट डॉक्टरला फोन लावणार. शेवटी गच्चीत गेलो. तिथे तू स्वतः बांधलेली वाळणाची दोरी आहे. तुझा हात सहज पोचतो तिथे बांधलेली, म्हणजे बरोबर माझ्या कपाळावर. ती वर घे म्हणून मी किती कटकट केली, आणि कपडे काय तुम्ही वाळत घालणार आहात, असं म्हणून तू दर वेळी माझं तोंड बंद केलंस. आता कपडे मीच वाळत घालतो. दोरी वर घ्यायला कुणाची ना नाही. पण मी घेतली नाही, वाकून वाळत घालतो. टेप लावला, त्या दोरीएवढे खांब कापून आणले. पडवीतून बाहेर पडताना मला वाकावं लागतं आणि तू ताठ मानेने चालशील.

पाण्याची परीक्षाही घेतली. शिडीवर चढून बादली ओतली. मधोमध हा एवढा झोळ पडला, त्यात तळं साचलं, आणि काय झालं म्हणून बघायला मी खाली गेलो तर सगळं तळं माझ्या मानेवर. मग मध्ये एक आडवी नळी घातली, कापड ताणलं, आता पाणी सरळ पुढे घरंगळतं. काल सकाळी सगळं जागेवर लागलं. खाली दोन खुर्च्या मांडल्या, चहा घेऊन एकीवर बसलो. दुसरीवर पाय टाकावेत असं मनात आलं होतं, टाकले नाहीत. ऊन सरकत होतं, सावली अगदी बेताची पडली होती, आणि मला कुणीतरी 'अहो' म्हणावं असं फार वाटलं. अहो ऐकलंत का, अहो चष्मा कुठे ठेवलात, अहो जरा सरका, काहीही. इथे मला भाऊ म्हणतात, काका म्हणतात, फोनवर बाबा आणि आजोबा म्हणतात. अहो म्हणणारं कुणी नाही. चहा निवून गेला.

आता हे आजच का लिहायला बसलो ते सांगतो. काल दुपारी लेकीचा फोन आला, तू नातीला घेऊन बागेत गेली होतीस तेव्हा. ती दोघं मोठं घर घेताहेत, त्यात आपल्या दोघांसाठी वेगळी खोली आहे, खिडकी पूर्वेची. इथलं घर आणि ट्रक विकून मी कायमचं तिकडे यावं असं तिचं म्हणणं. पोरीची माया आहे, तिला काय बोलणार? आईला विचारलं, म्हणाली, तर आई म्हणते, बाबा म्हणतील तसं. आणि माझ्या तोंडून निघालं, आई म्हणेल तसं. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. एकमेकांचं मन राखता राखता आपण दोघं घर विकून मोकळे होऊ, आणि कुणाला काय हवं होतं ते कुणालाच कळणार नाही. महिनाअखेरीस तिला उत्तर द्यायचं आहे. म्हणून माझं मी आधी सांगतो. मला तिकडे राहायचं नाही, मला तू इथे हवी आहेस. तुझा जीव तिथे रमला असेल, नातीला सोडवत नसेल, तर तसं लिही. मी ट्रक विकेन, येईन, आणि कधी तोंड वाकडं करणार नाही. पण तुलाही यायचं असेल आणि मी बोलवायची वाट बघत थांबली असशील, तर हे बोलावणं समज. तुझ्या सोयीने ये, असं मी रोज फोनवर म्हणतो, कारण सगळे ऐकत असतात. इथे कुणी ऐकत नाही. माझ्या सोयीने ये. लवकर ये.

तुझाच,
ड्रायव्हर