दारावरचं नाव

३ फेब्रुवारी

आलं उत्तर! चौथ्या तक्रारीचं. 'आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली असून ती योग्य त्या विभागाकडे पाठविण्यात आली आहे.' तिसरीला हेच. दुसरीलाही हेच. हा योग्य तो विभाग कुठल्या मजल्यावर बसतो ते दाखवा कुणीतरी – सोफ्यासारखा पाठीवर घालून खाली उतरवतो!

अप्पांच्या व्हिसाचा अर्ज करून एकवीस महिने झाले. आई-वडिलांना इकडे बोलवायचं तर आठ महिने लागतात, असं त्यांच्याच कागदावर छापलंय. अप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू. तो काही विभागासाठी थांबत नाही.

९ फेब्रुवारी

आज कामावर, घरं हलवताना, एक कपाट जिन्यात अडकलं. तासभर. मुकादम खालून ओरडतोय, "तिरकं घे रे, तिरकं! आयुष्यात कधी सरळ चाललायस का?" हसता हसता माझा हात सुटला. करंगळी काळीनिळी.

काय लिहायला बसलो होतो? हां, अप्पांचा फोन. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. आजही तेच – "दाराला रंग कुठला? पाटी किती इंच?" म्हटलं, बारा बाय आठ, कोरी ठेवलीय. "कोरीच ठेव. तुझ्या दारावर नाव मी लिहिणार. दुसऱ्या कुणाचा ब्रश लागता कामा नये." फोटो पाठवला. मागे आत्या काहीतरी पुटपुटली. मग अप्पा म्हणाले, "छान आहे की. हिरवं."

सहा वर्षांत चौदा ठिकाणी राहिलो. कुणाच्या गॅलरीत, कुणाच्या गोदामात. अप्पा दारावरच्या नावाचं बोलले म्हणून अर्जाच्याच महिन्यात ही खोली घेतली. पहिल्यांदाच माझ्या सहीनं.

२६ फेब्रुवारी

पाचवी तक्रार टाकली. रागात. 'माझा बाप आहे, पार्सल नाही' असं शेवटी लिहिलं. बरं वाटलं. दहा मिनिटं.

२ मार्च

करमत नाही. बंदरावर माणसं घेतायत म्हणे. एरवी पिशवी उचलून कधीच गेलो असतो! पण फाईल चालू असेपर्यंत पत्ता बदलायचा नाही, देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. नाहीतर अर्ज रद्द. बसलो पाटी पुसत.

१९ मार्च

उत्तर आलं. तेच! पण खाली एक ओळ जास्त – 'निवास पडताळणी प्रलंबित.' कसली पडताळणी? कामावर दांडी मारून कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आमचा माणूस तीनदा येऊन गेला तुमच्याकडे."

"दिवसा? दिवसा मी कामावर असतो हो."

"घरी नसलात तरी चालतं. दारावर नाव लागतं. हे बघा, तिन्ही वेळा लिहिलंय त्यानं – पाटी आहे, कोरी आहे."

"मग तक्रारीच्या उत्तरात हे सांगायचं ना, बाई!"

"उशीर का होतोय असं कुठं विचारलंत तुम्ही? उशीर होतोय, एवढंच पाच वेळा लिहिलंत."

बस समोरून गेली, हात केला नाही. चालत आलो. वाटेत काळा रंग आणि ब्रश घेतला.

लिहिलं नाव. ओळ उजवीकडे वर चढली. शेवटचं अक्षर मावेना, चेपून बसवलं. अप्पांनी बघितलं तर कानाखाली काढतील.

ती पाटी मीच कोरी राखली. दर रविवारी पुसून!

३० मार्च

पडताळणीचा माणूस आला. नाव वाचलं, बरोबरची खूण केली. दोन मिनिटं. पाणीसुद्धा घेतलं नाही.

अप्पांना पाटीचं सांगितलेलं नाही. फोन हातात घेतो, ठेवतो.

२४ एप्रिल

व्हिसा झाला!! लगेच फोन लावला. आत्यानं उचलला. आधी आनंदानं ओरडली, मग आवाज खाली आणला. "विमानात सोबत लागेल रे त्यांना. आता काही दिसत नाही."

पुढचं ऐकलंच नाही मी. वेळेत झालं असतं तर दार तरी बघितलं असतं त्यांनी. विभागाला शिव्या घालायला बसलो, पण उठून पाटीपाशी जाऊन उभा राहिलो.

११ मे

अप्पा आले. दारापाशी त्यांचा हात पाटीवर नेऊन ठेवला. रंग जाड लागलाय, अक्षरं बोटाला कळतात. "ओळ चढलीय," म्हणाले.

"चुकलं माझं, अप्पा. माझ्यामुळं उशीर झाला. तोवर तुमची नजर–"

"नजर? ती तू अर्ज करायच्या आदल्या वर्षीच गेली."

"मग 'नाव मीच लिहिणार' म्हणत होतात ते?"

बोट अजून चेपलेल्या अक्षरावरच होतं. "तसं म्हटलं नसतं तर तू दार घेतलं असतंस?"