एकशे सतरा नंबरची पावती

सोमवार, ३ जून
स्वयंसेवकांची तीन पांढरी जॅकेटं गेली. म्हणजे खिडकीवरच्या माझ्या जोडीदारणीनं दिली — पावती न घेता! "घाईत होते गं, उद्या आणून देतो म्हणाले." मी तिच्यावर अशी खेकसले की इस्त्रीवाले माना वळवून बघायला लागले. ती म्हणाली, "कपडेच आहेत, तोफा नाहीत."

खेळाडूंच्या धुलाईघरात नियम एकच. पावती नाही तर कपडा नाही. हे मीच तिला शिकवलं.

मंगळवार, ४ जून
शनिवारी स्पर्धेच्या उद्घाटनाआधी श्रद्धांजली आहे. चोवीस वर्षांपूर्वी इथेच अतिरेक्यांनी आठ खेळाडू आणि त्यांचे प्रशिक्षक अशा नऊ जणांना मारलं. त्यांच्यासाठी नऊ खुर्च्या, प्रत्येकीवर त्या माणसाचा ट्रॅकसूट. माझ्याकडे इस्त्रीला आले ते आठच. "प्रशिक्षकांचा कधी मिळालाच नाही," साहेब म्हणाले. "खुर्ची रिकामी ठेवू."

कुठून मिळणार? मीच दिला. याच खिडकीतून, एका हसऱ्या माणसाला. पावती हरवली म्हणाला, माझ्या खोकल्याची चौकशी केली, मी विरघळले. दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅकसूट अंगात घालून हा फाटकातून आत आला आणि बाकीच्यांना मागचं दार उघडलं. पुढे आगीत तो आणि ट्रॅकसूट दोन्ही जळाले. पेपरात त्याचा फोटो आला — तेच हसू.

चौकशीत ठरलं, ट्रॅकसूट नकली शिवून घेतला असणार. फाटकावरच्या पहारेकऱ्याची नोकरी गेली. धुलाईघराला कुणी विचारलं नाही, आणि मी मूग गिळून बसले. घरी यांनासुद्धा सांगितलं नाही.

बुधवार, ५ जून
जॅकेटं नाहीत. साहेब म्हणाले, "उगाच बाऊ करू नका, मावशी."

गुरुवार, ६ जून
प्रशिक्षकांची मुलगी खाली धुलाईघरात आली होती. वडिलांच्या पाकिटात सापडलेली पिवळी पावती तिनं माझ्यापुढे धरली. एकशे सतरा. अक्षर माझं.

"काकू, ही इथली का?"

"जुनी दिसतेय," म्हटलं. "आता कसं कळणार?"

तिनं घडी न मोडता ती परत पाकिटात ठेवली. मला माझीच किळस आली.

शुक्रवार, ७ जून
उद्या. आणि तीन जॅकेटं अजून बाहेर.

नंतर — सुरक्षा अधिकाऱ्याकडे जाऊन आले. तोही म्हणाला, "सापडतील हो. एवढं काय घाबरता?" मग काय घाबरते ते सांगितलं. हसरा माणूस, खोकला, ट्रॅकसूट, सगळं. त्याचं लिहिणं थांबलं. लगेच फोन फिरवले, सगळ्या फाटकांवर जॅकेटवाल्यांना अडवायला सांगितलं. मग माझ्याकडे वळला. "हे प्रशिक्षकांच्या घरच्यांना कळवावं लागेल, बाई."

"कळवा," म्हटलं.

शनिवार, ८ जून
जॅकेटं सकाळीच सापडली. बँडवाल्यांनी आपल्या गणवेशाच्या मापाला नेली होती, वाद्यांच्या पेटीत पडून राहिली. बस, एवढंच! श्रद्धांजली नीट पार पडली. मी खालीच थांबले.

दुपारी प्रशिक्षकांची मुलगी खिडकीशी आली. मला वाटलं, ओरडेल. तिनं पिवळी पावती फळीवर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

"बाबांचा ट्रॅकसूट न्यायला आलेय."